बुरशीजन्य संसर्ग, फुप्फुस व मेंदूचे : उपचार (बडोदे)

फुप्फुसात किंवा मेंदूत खोलवर शिरलेल्या बुरशीवर रुग्णालयात केले जाणारे दीर्घ उपचार. हवेतील बुरशीचे बीजाणू श्वासावाटे सगळ्यांच्याच शरीरात जातात आणि निरोगी माणूस ते परतवून लावतो. अनियंत्रित मधुमेह, रक्ताचा कर्करोग, अवयवरोपण, एचआयव्ही किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे यांनी प्रतिकारशक्ती खचली, की तेच बीजाणू रुजतात.

बडोद्यातील मराठी घरांना हा आजार २०२१ च्या उन्हाळ्यात ‘काळी बुरशी’ म्हणून कळला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत साखर भडकलेल्या, स्टेरॉइडे घेतलेल्या रुग्णांच्या नाकात म्युकर ही बुरशी रुजली आणि सायनस व डोळ्याच्या वाटेने मेंदूकडे सरकली. मे २०२१ मध्ये गुजरात सरकारने त्याला साथरोग घोषित केले. सर्वाधिक रुग्ण नोंदवणाऱ्या राज्यांत गुजरात होते. सयाजी रुग्णालय (एसएसजी) व गोत्रीचे रुग्णालय येथे त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागली. तुटवडा असलेल्या इंजेक्शनसाठी झालेल्या धावपळीमुळे एक समज मात्र पक्का बसला, की इंजेक्शन मिळाले म्हणजे उपचार झाले. प्रत्यक्षात इंजेक्शन ही उपचारांची सुरुवात असते.

बुरशी कोणती, हे आधी कळावे लागते. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर पहिल्या पसंतीचे असलेले व्होरिकोनॅझोल हे औषध म्युकरवर काहीच काम करत नाही. म्हणून दुर्बिणीने किंवा सुईने काढलेला ऊतीचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे आणि बहुधा काटकोनात फुटलेले दिसतात. अ‍ॅस्परजिलसचे बारीक, आडपडदे असलेले आणि लघुकोनात फुटलेले. तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा साध्या सलाइनमध्ये पाठवणे अत्यंत महत्त्वाचे आहे. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये टाकला, तर बुरशी मरते आणि कल्चर (प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची चाचणी) उगवत नाही. नातेवाइकांनी याबद्दल जरूर विचारावे. म्युकरचा दाट संशय असेल, तर अहवालाची वाट न पाहता औषध त्याच दिवशी सुरू करतात.

ते औषध म्हणजे अ‍ॅम्फोटेरिसिन बी. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून अमेरिकेतील स्क्विब कंपनीच्या संशोधकांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास ते मिळवले. याच स्क्विबशी भागीदारी करून बडोद्याच्या साराभाई केमिकल्सने औषधनिर्मिती केली होती; जुन्या बडोदेकरांना ते नाव वेगळे सांगावे लागत नाही. बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल या स्निग्ध घटकाला हे औषध चिकटते आणि पटलाला भोके पाडते. साधे अ‍ॅम्फोटेरिसिन फक्त डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून चार ते सहा तास सावकाश चढवतात, सलाइनमध्ये ते फाटते. मूत्रपिंडे जपण्यासाठी सलाइनची बाटली आधी वेगळी देतात. हुडहुडी भरून ताप येतो, क्रिएटिनीन (मूत्रपिंडांवरील ताण दाखवणारा रक्तातील घटक) वाढते, पोटॅशियम व मॅग्नेशियम घसरते. त्यामुळे रक्ततपासणी वारंवार करावी लागते आणि ती टाळून चालत नाही.

लायपोसोमल प्रकारात औषध स्निग्ध कणांत बांधलेले असते, म्हणून मूत्रपिंडांना त्रास कमी होतो. म्युकरसाठी मात्रा दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅम. मेंदूत पसरल्यास १० पर्यंत नेतात. कुपी ५० मिलिग्रॅमची. साठ किलोच्या माणसाला रोज सहा कुप्या लागतात, तीन आठवड्यांत १२६. २०२१ चा तुटवडा या हिशेबातून समजतो. शिवाय म्युकर रक्तवाहिन्या बुजवतो, मेलेल्या ऊतीत औषध पोहोचतच नाही. तो भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो, कधी पुन्हा पुन्हा, कधी डोळ्यासकट. नंतर महिनोन्‌महिने पोसॅकोनॅझोल किंवा आयसाव्हुकोनॅझोलच्या गोळ्या चालतात.

फुप्फुसातील आक्रमक अ‍ॅस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल किमान सहा ते बारा आठवडे देतात. गोळी जेवणाआधी किंवा नंतर तासाभराचे अंतर ठेवून घ्यायची, ऊन टाळायचे आणि रक्तातील औषधाची पातळी मोजायची. क्षय बरा होऊन फुप्फुसात पोकळी राहिलेल्यांना वेगळाच, सावकाश वाढणारा प्रकार होतो: खोकल्यातून रक्त पडते आणि पुन्हा क्षयच समजून औषधे सुरू होतात. त्यावर इट्राकोनॅझोल निदान सहा महिने लागते. क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल या गटातील औषधांची रक्तातील पातळी कोसळते, फिटांच्या फेनिटॉइनमुळेही कोसळते. चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव डॉक्टरांना सांगणे म्हणूनच गरजेचे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घरांत शिरले, तशा पुरानंतर ओल धरलेल्या भिंती खरवडण्याचे काम अशा रुग्णांनी आणि दमेकऱ्यांनी स्वतः करू नये.

मेंदूच्या आवरणांना होणारा क्रिप्टोकॉकस या बुरशीचा संसर्ग मुख्यतः एचआयव्हीबाधितांना गाठतो. कबुतरांच्या विष्ठेत ही बुरशी वाढते. आठवडाभर न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, धूसर नजर ही लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुचवलेली पद्धत अशी: लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनची १० मिलिग्रॅम प्रतिकिलोची एकच मात्रा, सोबत चौदा दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल ही बुरशीरोधक औषधे. फ्लुसायटोसिन न मिळाल्यास अ‍ॅम्फोटेरिसिन दोन आठवडे, फ्लुकोनॅझोलसोबत. पुढे फ्लुकोनॅझोल आठ आठवडे ८०० मिलिग्रॅम, त्यानंतर २०० मिलिग्रॅम दीर्घकाळ. एचआयव्हीची औषधे अजून सुरू नसतील, तर ती चार ते सहा आठवडे लांबवतात. लगेच दिल्यास मेंदूतील दाह उसळून जीव जाऊ शकतो.

या आजारात मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे पाणी पाठीतून सुईने काढणे हा तपासणीइतकाच उपचारही आहे. दाब पाण्याच्या २५ सेंटिमीटरहून अधिक असेल, तर तो उतरेपर्यंत रोज सुई घालावी लागते. ‘पाठीत सुई घातली की पाय जातात’ या भीतीने घरचे सही नाकारतात, हे फार दुःखद आहे. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात. न काढलेल्या दाबाने मात्र दृष्टी जाते, आणि प्राणही.