ठाणेदार नाही, तरी देश नीट कसे वागतात?

"जगात कायदा-बियदा काही नाही, ज्याच्याजवळ बॉम्ब त्याचंच राज्य," हे परवा पारावर पुन्हा ऐकलं. अर्धं खरं आहे. देशांच्या वर ठाणेदार नाही, हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाजवळ निकाल राबवायला शिपाई नाहीत, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ५ देशांजवळ व्हेटो, म्हणजे एकट्यानं ठराव अडवायचा हक्क. तरीही बहुतेक देश बहुतेक दिवस ठरल्याप्रमाणे वागतात, अन् त्यामागचं गणित मला फार आवडतं.

आपल्याकडे दोन वावरांच्या मधात धुरा, म्हणजे बांध असतो. नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, धुऱ्यातून काढलं तर जमीन वाढते, पण पुढच्या हंगामात कापसाची बंडी त्याच शेजाऱ्याच्या वावरातून काढायची असते, म्हणून माणूस धुऱ्याच्या दगडापाशी नांगर वळवतो.

रॉबर्ट ॲक्सलरॉड या अमेरिकन अभ्यासकानं १९८० च्या सुमारास हेच कॉम्प्युटरवर करून पाह्यलं. वेगवेगळ्या अभ्यासकांकडून प्रोग्राम मागवून त्यांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीचे २०० डाव. दोघांनी साथ दिली तर ३-३ गुण, दोघांनी दगा दिला तर १-१, एकट्यानं दिला तर त्याला ५ अन् समोरच्याला ०. एकच डाव असेल तर दगाच परवडतो. पण जिंकला कोण, तर अनातोल रॅपोपोर्टचा सगळ्यात छोटा प्रोग्राम: पहिले साथ द्या, मग समोरच्यानं मागच्या डावात जे केलं तेच करा. हिशोब लावून पाहा, असे दोघं भेटले तर प्रत्येकी ६००, अन् कायम दगा देणाऱ्याला याच्यासमोर पहिल्या डावाचे ५ अन् मग १९९ वेळा १, म्हणजे फक्त २०४.

यात एक धोका आहे. कोणाकडून एकदा चुकून दगा झाला की दोघं आळीपाळीनं बदला घेत बसतात, थांबतच नाहीत, म्हणून समोरचा नेमकं काय करून राहिला हे कळायची सोय लागते. १९६२ मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर गेलं, अन् १९६३ मध्ये वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइन सुरू झाली. युद्ध होतं ते असल्या चुकलेल्या हिशोबातून, शनी-मंगळाच्या युतीतून नाही, तेव्हा तिसऱ्या महायुद्धाच्या भविष्याचे मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका.

भारत-पाकिस्तानचंच घ्या. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार १९८८ मध्ये झाला, अन् १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघं आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर फौजा समोरासमोर येऊन राहिल्या होत्या, तरी २००२ च्या १ जानेवारीलाही ती दिली गेली.