परदेशात राहून कोल्हापुरातल्या घराचं मुखत्यारपत्र कसं करायचं

माझी धाकटी बहीण पंधरा वर्षं कॅनडात आहे. वडिलांच्या माघारी ताराबाई पार्कातल्या घराला आम्हा तिघा भावंडांची नावं लागली. पुढे घर विकायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न तिच्या सहीचा आला. दर सहीला तिला इकडे बोलावणं शक्य नव्हतं. अशा वेळी लागतं ते मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही-व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला (मुखत्याराला) देणारा कागद, ज्याला आपण कोल्हापुरात नुसतं ‘पॉवर’ म्हणतो. तो एक कागद नीट व्हायला आम्हाला दोन खेपा लागल्या. दुसऱ्या कुणाला त्या लागू नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी पॉवर खरंच लागते का ते बघा. घरफाळा, पाणीपट्टी, वीजबिल भरायला लागत नाही. ते कुणीही भरू शकतं, ऑनलाइनही भरता येतं. बँकेतल्या एनआरओ खात्यापुरता (अनिवासी माणसाचं भारतातलं रुपयांतलं खातं) माणूस नेमायचा असेल तर बँकेचा स्वतःचा छापील फॉर्म असतो. घराची पॉवर दाखवून बँकेत काम होईल असं धरून चालू नका. विक्री, भाडेकरार, बिल्डरशी करार, कोर्टातला दावा, सिटी सर्व्हेतली (शहरातल्या मिळकतींची नोंद ठेवणारं कार्यालय) वारसनोंद या कामांना मात्र पॉवर हवीच.

कोण देऊ शकतं, कुणाला द्यावी

मिळकतीत हक्क असलेली, सज्ञान आणि सुदृढ मनाची कोणतीही व्यक्ती पॉवर देऊ शकते. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तरी अडत नाही. भारतीय पासपोर्टच्या जागी परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्डाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) प्रत जोडायची.

कुणाला द्यायची, हा विश्वासाचा प्रश्न आहे तसाच मुद्रांकाचाही, म्हणजे दस्तावर भरायच्या सरकारी शुल्काचाही आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे मोबदला न घेता स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलं, नातवंडं अशा जवळच्या नात्यात दिला तर मुद्रांक 500 रुपये. तोच अधिकार मित्राला किंवा ओळखीच्या एजंटाला दिला, तर खरेदीपत्राला लागतो तेवढा मुद्रांक मिळकतीच्या बाजारभावावर भरावा लागतो, आणि शहरातल्या घराला ती रक्कम लाखांत जाते. चुलतभाऊ, मेहुणा, भाचा यांच्या बाबतीत अंदाजाने पुढे जाऊ नका. आधी मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या. घरोब्याचा माणूस आणि कायद्यातला जवळचा नातेवाईक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मजकूर: इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

आमचा पहिला मसुदा इंटरनेटवरून उतरवलेला होता. त्यात ‘माझ्या भारतातील सर्व मिळकतींबाबत सर्व अधिकार’ असं एक गोल वाक्य होतं, आणि सिटी सर्व्हे नंबर कुठेच नव्हता. तो कागद परत आला. आज वाटतं, परत आला तेच बरं झालं. बहिणीचा सगळा हक्क एका वाक्यात माझ्या हाती आला असता, आणि तिने नेमकं काय दिलंय हे तिलाही सांगता आलं नसतं.

म्हणून शक्यतो कुलमुखत्यारपत्र (सगळ्या कामांचे अधिकार देणारं) टाळून एका कामापुरतं विशेष मुखत्यारपत्र करा. मिळकतीचं वर्णन प्रॉपर्टी कार्डावर (सिटी सर्व्हेचा मालकीचा उतारा) आहे तसंच, अक्षर न बदलता उतरवा: सि. स. (सिटी सर्व्हे) नंबर, वॉर्ड (कोल्हापूर शहरात ए ते ई असे वॉर्ड आहेत, नुसता नंबर पुरत नाही), चौरस मीटरमध्ये क्षेत्र, चतुःसीमा, आणि परदेशातल्या मालकाचा नेमका हिस्सा. मग अधिकार एकेक करून लिहा: खरेदीपत्रावर सही करणे, दुय्यम निबंधकांसमोर (दस्त नोंदणारे अधिकारी) कबुली देणे, सिटी सर्व्हेत नोंदीसाठी अर्ज करणे, आयकर खात्याकडे अर्ज करणे. पैसे मुखत्याराच्या खात्यात न घेता मालकाच्या एनआरओ खात्यातच जमा होतील, हे वाक्य आम्ही मुद्दाम घातलं. सख्ख्या भावंडांतही ते असावं, असं माझं ठाम मत आहे. ‘कधीही रद्द न होणारे’ हे शब्द वकिलाने घातले असतील तर का घातले ते विचारा, आणि पटलं नाही तर काढायला लावा.

मसुदा इंग्रजीत करणं सोयीचं पडतं, कारण तिकडच्या नोटरीला मराठी वाचता येत नाही. पासपोर्ट, पॅन आणि प्रॉपर्टी कार्ड या तिन्हींवर नाव वेगवेगळं असेल (लग्नाआधीचं, नंतरचं, वडिलांच्या नावाशिवाय), तर ‘उर्फ’ लावून सगळी नावं मसुद्यात घ्या.

परदेशात सही

इथे दोन वाटा आहेत. पहिली भारतीय दूतावासाची किंवा वाणिज्य दूतावासाची. मालकाने स्वतः जाऊन तिथे सही करायची, सोबत दोन साक्षीदार आणि त्यांचे ओळखपत्र. बऱ्याच देशांत अर्ज दूतावासाने नेमलेल्या सेवा केंद्रातून जातो, तेव्हा वेळ आधी घेऊन ठेवा. पासपोर्टची मूळ प्रत आणि झेरॉक्स, राहत्या पत्त्याचा पुरावा, फोटो आणि तिथला व्हिसा किंवा रहिवास परवाना लागतो. सही कोऱ्या जागेत आधीच करून नेऊ नका. ती अधिकाऱ्यासमोरच व्हावी लागते.

दुसरी वाट अपोस्टिलची: स्थानिक नोटरीसमोर सही आणि त्यावर त्या देशाच्या सक्षम कार्यालयाचं अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचं दुसऱ्या देशात चालणारं प्रमाणपत्र. अपोस्टिलच्या हेग करारातल्या देशांना हे लागू आहे; भारतात तो 2005 पासून अमलात आहे. अमेरिकेत राज्याच्या नोटरीने केलेल्या कागदाला त्याच राज्याचं सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालय अपोस्टिल देतं, ब्रिटनमध्ये परराष्ट्र खातं. कॅनडात ही सोय 11 जानेवारी 2024 पासून आली, त्यामुळे बहिणीची दुसरी खेप बरीच सोपी गेली. संयुक्त अरब अमिराती या करारात नाही, म्हणून दुबई-अबुधाबीच्या मंडळींना दूतावासाचीच वाट. जर्मनीतून येणाऱ्या कागदालाही तीच धरा, कारण भारताच्या सहभागाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे.

तीन महिन्यांची मुदत

परदेशात झालेला दस्त महाराष्ट्रात पहिल्यांदा पोचला त्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावा लागतो. मुदत सहीच्या तारखेपासून नाही, पोचल्यापासून मोजतात. म्हणून कुरियरचं पाकीट आणि पोचपावती फेकू नका. तारखेचा पुरावा तोच. पाकीट आल्याच्या आठवड्यातच सह जिल्हा निबंधक तथा मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात अभिनिर्णयाचा, म्हणजे किती मुद्रांक लागतो ते ठरवून घेण्याचा अर्ज द्या. सोबत मूळ मुखत्यारपत्र आणि प्रत, पासपोर्टची प्रत, मुखत्याराचं आधार आणि पॅन, प्रॉपर्टी कार्ड, आणि नात्याचा पुरावा. भावा-बहिणीचं नातं दाखवायला दोघांचे जन्मदाखले किंवा शाळा सोडल्याचे दाखले चालतात. मुदत उलटली तर कमी पडलेल्या मुद्रांकावर महिन्याला 2 टक्के दंड लागतो.

पुढे खरेदीपत्राच्या दिवशी मुखत्याराला दुय्यम निबंधकांसमोर एक घोषणापत्र द्यावं लागतं: पॉवर देणारी व्यक्ती हयात आहे आणि तिने पॉवर रद्द केलेली नाही. हा नुसता रिवाज नाही. देणारी व्यक्ती वारली की पॉवर संपते, आणि त्यानंतर केलेली सही गोत्यात आणते. त्या दिवशी सकाळी बहिणीशी व्हिडिओ कॉल करूनच मी घराबाहेर पडलो.

विक्री असेल तर कराचं आधी बघा. मालक अनिवासी असला की खरेदीदाराने किमतीतून 1 टक्का आयकर कापून भागत नाही. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ धरलेल्या घराच्या नफ्यावर 12.5 टक्के आणि वर अधिभार-उपकर असा दर आहे, आणि आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी काढला नसेल तर कपात बहुधा पूर्ण किमतीवर होते. परतावा मिळतो, पण विवरणपत्र भरून, महिन्यांनी.

गावाकडच्या शेतीचा नियम वेगळा. अनिवासी माणसाला वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते आणि भारतात राहणाऱ्याला विकता येते, पण नवी विकत घेता येत नाही. भावाने पॉवरवर त्या अनिवासी माणसाच्या नावे घेतली तरी नाही. उलट बाजूने, कुणी फक्त पॉवर करून देऊन ‘जागा तुमची झाली’ म्हणत असेल तर थांबा. पॉवरने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केलंय. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीपत्रच हवं.

काम संपलं की पॉवर रद्द करून टाका. रद्दपत्रही त्याच पद्धतीने, दूतावासातून किंवा नोटरी-अपोस्टिल करून करायचं, मुखत्याराला लेखी कळवायचं, आणि जिथे जिथे मूळ पॉवर दाखवली होती त्या कार्यालयांत प्रत देऊन पोच घ्यायची. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्या. आमच्या पॉवरची मूळ प्रत मी रद्दपत्रासोबत बहिणीकडे परत पाठवली.