गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो?

परळच्या बैलघोडा या प्राण्यांच्या हॉस्पिटलच्या बाकावर शेजारच्या काकू मला कळवळून म्हणाल्या, ‘गाठीला सुई लावू देऊ नकोस गं, कॅन्सर अंगभर पसरतो.’ त्यांच्या मांडीवर म्हातारी मांजर होती, पोटाखाली लिंबाएवढी गाठ. याच भीतीने त्यांनी तिला सहा महिने घरीच ठेवलं होतं.

ही भीती मुंबईत घरोघरी ऐकू येते, आणि तीच घात करते. तपासणीची सुई रक्त काढायच्या सुईसारखीच बारीक असते. तिने थोड्या पेशी काढायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. बहुतेकदा भूलही लागत नाही. कॅन्सर पसरतो तो रक्तातून आणि लसिकावाहिन्यांतून (लिम्फ वाहणाऱ्या बारीक नळ्यांतून), सुई लावली नाही तरी. मूत्राशयाच्या गाठीसारखे मोजके अपवाद आहेत. तिथे डॉक्टर स्वतःच सुई टाळतात.

मांजरीच्या स्तनातल्या १० गाठींपैकी ८ हून अधिक कॅन्सरच्या निघतात, कुत्रीच्या साधारण निम्म्या. मांजरीची गाठ २ सेंटीमीटरपेक्षा लहान असताना काढली तर आयुष्य बरंच वाढतं. म्हणून काकूंचे ते सहा महिने मला अजून टोचतात.

आणि ‘निदान झालं तरी उपाय कुठे असतो?’ असं म्हणणाऱ्यांसाठी: रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर येणारी, रक्त गळणारी संसर्गजन्य गाठ हाही कॅन्सरच. आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरवरच्या औषधाची ४ ते ६ इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात.