एसआर-७१ ब्लॅकबर्ड

अमेरिकी हवाई दलाचे दोन आसनी टेहळणी जेट विमान. ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाने, सुमारे २५ किमी. उंचीवरून छायाचित्रे व रडार-प्रतिमा टिपणे हे त्याचे काम. त्यावर शस्त्र एकही नसे. वेग आणि उंची हाच त्याचा बचाव. एकूण ३२ विमाने बांधली गेली. त्यांपैकी १२ अपघातांत गेली, शत्रूच्या माऱ्याने एकही पडले नाही.

कॅलिफोर्नियातील बरबँक येथे लॉकहीड कंपनीचा ‘स्कंक वर्क्स’ नावाचा गुप्त विभाग होता. त्याचे प्रमुख क्लॅरेन्स ‘केली’ जॉन्सन. याच विभागाने बनवलेले यू-२ हे टेहळणी विमान १९५६ पासून सोव्हिएत प्रदेशावरून उडत होते. रडारला ते दिसत होते आणि त्याला गाठणारे क्षेपणास्त्र आज ना उद्या येणार, हे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने ओळखले होते. म्हणून १९५९ मध्येच नव्या विमानासाठी लॉकहीडचा आराखडा निवडला गेला. १ मे १९६० रोजी स्वेर्दलोव्स्कजवळ वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स यांचे यू-२ पाडले गेले आणि ती भीती खरी ठरली. त्या आराखड्यावरून बनलेल्या एक आसनी ए-१२ ने एप्रिल १९६२ मध्ये नेव्हाडातील ग्रूम लेक येथून उड्डाण केले. त्यातूनच हवाई दलासाठी अधिक लांब आणि जड असे एसआर-७१ घडले. २२ डिसेंबर १९६४ रोजी रॉबर्ट गिलिलँड यांनी ते पामडेल येथून प्रथम उडवले.

या विमानाचा खरा शत्रू उष्णता होता. मॅक ३ च्या (ध्वनीच्या तिप्पट वेगाच्या) पुढे हवेच्या घर्षणाने व दाबाने विमानाची कातडी सरासरी २६०° सेल्सियसच्या वर तापते. तेथे नेहमीचे ॲल्युमिनियम मऊ पडते, म्हणून बहुतेक सांगाडा टायटॅनियमचा करावा लागला. या धातूचा बराचसा पुरवठा मध्यस्थ कंपन्यांमार्फत खुद्द सोव्हिएत संघाकडूनच मिळवण्यात आला. टायटॅनियम हाताळणे मात्र कोणालाच नीट माहीत नव्हते. कॅडमियमचा मुलामा असलेल्या पान्यांनी आवळलेले बोल्ट तापले की त्यांची डोकी तुटत. उन्हाळ्यात वेल्ड केलेले पत्रे लवकर निकामी होत, हिवाळ्यातले टिकत. शोध घेतला तेव्हा कळले की उन्हाळ्यात शहराच्या पाण्यात जास्त क्लोरीन टाकले जाई आणि त्याच पाण्याने पत्रे धुतले जात. विमानाच्या वेगाइतकेच हे चिकाटीचे काम दाद देण्याजोगे आहे.

काळा रंगही उष्णतेसाठीच: तो उष्णता झपाट्याने बाहेर टाकतो. तापल्यावर धातू प्रसरण पावणार म्हणून सांध्यांत फट ठेवलेली असे. त्यामुळे जमिनीवर उभ्या विमानातून इंधन ठिबकत राही. ते धोक्याचे नव्हते, कारण त्यासाठी खास बनवलेले जेपी-७ हे इंधन पेटत्या काडीनेही सहज पेटत नाही. इंजिन सुरू करायला ट्रायइथिल बोरेन हे हवा लागताच पेट घेणारे रसायन लागे आणि तेव्हा हिरवट ज्वाला दिसे. इंधन जाळण्यापूर्वी त्याच्याकडून विमानातील यंत्रणा थंड ठेवण्याचे कामही करून घेतले जाई.

प्रॅट अँड व्हिटनीच्या जे-५८ इंजिनापुढे एक टोकदार शंकू असे. वेग वाढेल तसा तो सुमारे ६६ सेमी. मागे सरके आणि आघात तरंगाला (ध्वनीहून जास्त वेगात हवेत उमटणाऱ्या तीव्र दाबाच्या लाटेला) योग्य जागी धरून ठेवे. पूर्ण वेगात निम्म्याहून अधिक रेटा शंकूभोवतीच्या हवाप्रवेशमार्गातल्या दाबातूनच मिळे. तरंग जागेवरून सुटला की त्या बाजूचा रेटा एकाएकी नाहीसा होऊन विमान जोराने वळे, इतके की वैमानिकाचे शिरस्त्राण बाजूच्या काचेवर आपटे. १९८० च्या दशकात संगणकीय नियंत्रण बसवल्यावर हा त्रास बराच कमी झाला. मूळ रचनेची आकडेमोड मात्र बहुतांशी स्लाइड रूलवर (आकडेमोडीच्या सरकत्या पट्टीवर) झालेली होती.

१९६८ पासून ओकिनावातील काडेना तळावरून व्हिएतनामवर, पुढे ब्रिटनमधील मिल्डनहॉलहून युरोपच्या सीमांलगत अशा मोहिमा चालल्या. पॉवर्स प्रकरणानंतर अमेरिकेने सोव्हिएत भूमीवरून उड्डाणे बंद केल्यामुळे ज्या देशासाठी हा सारा खटाटोप झाला, त्याच्यावरून ब्लॅकबर्ड कधी गेलेच नाही. सीमेबाहेर राहून ते आत डोकावत असे. २८ जुलै १९७६ रोजी त्याने ताशी ३,५२९.६ किमी. असा वेगविक्रम केला. त्याआधी १ सप्टेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर १ तास ५५ मिनिटांच्या आत कापले होते.

सोव्हिएत मिग-२५ या लढाऊ विमानापुढेही हाच उष्णतेचा प्रश्न होता. तेथे उत्तर म्हणून मुख्यतः निकेलयुक्त पोलाद वापरले गेले. विमान जड झाले, पण बांधायला सोपे. त्याची टेहळणी आवृत्ती भारतीय हवाई दलाने १९८१ ते २००६ या काळात बरेलीहून वापरली, म्हणून भारतीय वाचकाला ही दुसरी वाट अधिक जवळची वाटेल.

ब्लॅकबर्ड महागडे होते: प्रत्येक मोहिमेला हवेत इंधन भरणारी खास टँकर विमाने लागत. चित्रफीत विमान उतरल्यावरच धुता येई, तर नवे उपग्रह प्रतिमा थेट पाठवू लागले होते. १९९० मध्ये हवाई दलाने ते निवृत्त केले. १९९५ मध्ये काही विमाने थोड्या काळासाठी पुन्हा सेवेत आली. नासाने संशोधनासाठी वापरलेल्या विमानाचे शेवटचे उड्डाण ९ ऑक्टोबर १९९९ रोजी झाले.