गोळी तीन आठवड्यांपूर्वीची, पुरळ आजचं

अंगावर काही उठलं की आपण काल काय खाल्लं, कोणती गोळी घेतली ते आठवू लागतो. अंगावर पित्त उठलं असेल तर हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, कारण ते औषध घेतल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात उठतं. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम आणि त्याचंच उग्र रूप असलेलं टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस यांचं गणित वेगळं आहे. इथे त्वचेचा वरचा थर मरून सुटतो, आणि हे बहुधा औषध नव्याने सुरू केल्यापासून ४ ते २८ दिवसांत घडतं.

या आजाराची सुरुवात ताप, घसादुखी आणि डोळ्यांची आग अशी होते. पावसाळ्यात पुण्यात घरोघरी ताप असतो, त्यामुळे कुणालाच वेगळं वाटत नाही. तापावर पॅरासिटामॉल घेतली जाते, दोन दिवसांनी पुरळ येतं आणि आळ पॅरासिटामॉलवर येतो. खरं कारण असलेली, तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली गोळी मात्र रोज पोटात जातच राहते. म्हणून अशा वेळी डॉक्टरांना गेल्या दोन महिन्यांतली सगळी औषधं सुरू केल्याच्या तारखांसह सांगावीत.

संशयितांची यादी तशी छोटी आहे. फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटोन आणि लॅमोट्रिजिन, को-ट्रायमॉक्सॅझोल, सल्फासालाझिन ही सल्फा गटातली औषधं, एचआयव्हीवरचं नेव्हिरापिन, पायरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम ही वेदनाशामकं, आणि युरिक अ‍ॅसिडसाठीचं अ‍ॅलोप्युरिनॉल. कार्बामाझेपिन चेहऱ्याच्या नसेच्या तीव्र वेदनेसाठीही देतात, त्यामुळे कधीच फिट न आलेली माणसंही ते घेत असतात.

अ‍ॅलोप्युरिनॉलबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. फुल बॉडी चेकअपच्या रिपोर्टात युरिक अ‍ॅसिड थोडं वाढलेलं दिसतं, सांधा एकदाही सुजलेला नसतो, तरी गोळी सुरू होते. नुसत्या आकड्यासाठी बहुतेकांना या गोळीची गरज नसते, आणि गरज नसताना पत्करलेला हा धोका आम्हाला मान्य नाही. गाउट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे सांधा सुजून दुखण्याचा आजार, असेल तर औषध जरूर घ्यावं, पण सुरुवात रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसने करून तो हळूहळू वाढवावा. मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी कमी, कारण या औषधापासून शरीरात तयार होणारं ऑक्सिप्युरिनॉल लघवीवाटे बाहेर पडतं. ते साचलं की धोका वाढतो.

लॅमोट्रिजिनचंही तसंच. मोठ्यांमध्ये पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०. सोबत व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचं दुसरं औषध चालू असेल तर सुरुवात एक दिवसाआड २५ ने होते, कारण व्हॅल्प्रोएटमुळे यकृतात लॅमोट्रिजिनचा निचरा मंदावतो. गोळ्या संपल्या आणि पाच-सहा दिवसांचा खंड पडला, तर जुना डोस परस्पर सुरू करू नये. डॉक्टरांना विचारावं, बऱ्याचदा पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं.

एकाला होतं आणि दुसऱ्याला का नाही? पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. कार्बामाझेपिन एचएलए-बी*१५:०२ या प्रकाराला चिकटतं, तेव्हा टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींना, ती जोडी परकी वाटते. त्या ग्रॅन्युलायसिन नावाचं प्रथिन सोडतात आणि त्वचेच्या पेशी मरतात. अ‍ॅलोप्युरिनॉलसाठी असाच संबंध एचएलए-बी*५८:०१ शी आहे. दोन्हींची रक्ततपासणी होते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून धोका शून्य होत नाही.

साधं पुरळ खाजतं; हे दुखतं. चादर लागली तरी कळ येते. छातीवर-चेहऱ्यावर मध्यभागी काळपट असलेले लाल डाग येतात, ओठ सोलून रक्ताळतात, डोळे लाल होतात, लघवीला आग होते. पुष्कळदा ‘तोंड आलंय, उष्णता झाली’ म्हणून बी-कॉम्प्लेक्स घेण्यात दिवस जातो. नवं औषध चालू असताना तोंड, डोळे आणि त्वचा एकदम बिघडली, तर त्याच दिवशी, शक्यतो पुढचा डोस घेण्याआधीच, रुग्णालय गाठावं. फिट्सची गोळी अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून तिथे लगेच दुसऱ्या गटातलं औषध द्यावं लागतं. कार्बामाझेपिन सोसलं नाही म्हणून फेनिटोइन देणं धोक्याचं, कारण दोन्हींना तीच प्रतिक्रिया उठू शकते.

त्वचा शरीराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी भागावर सुटली तर स्टीव्हन्स-जॉन्सन, ३० टक्क्यांहून जास्त सुटली तर नेक्रोलिसिस. दुसऱ्या प्रकारात साधारण तिघांपैकी एक दगावतो, मुख्यतः जंतुसंसर्गाने. उपचार भाजलेल्या रुग्णासारखे असतात: सलाइन, न चिकटणारी ड्रेसिंग, उबदार खोली. नेत्रतज्ज्ञांनी पहिल्या दिवसापासून रोज पाहावं, नाहीतर पापणी बुबुळाला चिकटून नजर जाऊ शकते.

बरं झाल्यावर कागदावर ब्रँडचं नाव लिहून भागत नाही. तोच रेणू दहा नावांनी विकला जातो. मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव छापलेला भाग अनेकदा त्याच्याकडेच राहतो, म्हणून पूर्ण स्ट्रिपचा फोटो आणि बिल जपून ठेवावं. मूळ औषधाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं कार्ड पाकिटात असावं, दातांच्या डॉक्टरांनाही दाखवावं. प्रतिक्रियेची नोंद भारतीय औषध सुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः करू शकतात. आई-वडील, भावंडं आणि मुलं यांनीही ते औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना हा इतिहास सांगावा, कारण एचएलएचा तो प्रकार त्यांच्यातही असू शकतो.