आवाज बसलाय? घशाच्या दुर्बीण तपासणीबद्दल थोडं

आमच्या दादरच्या केंद्रात येणारे बरेच जण म्हणतात, "दुखत नाही हो, नुसता आवाज बसलाय." फसगत होते ती इथेच. घशाचा कॅन्सर सुरुवातीला सहसा दुखत नाही. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, गिळताना एकाच बाजूला अडकत असेल, कान साफ असूनही ठणकत असेल किंवा मानेत गाठ हाताला लागत असेल, तर हळद-दूध आणि ज्येष्ठमध पुरे झालं, दाखवून घ्या. तंबाखू, विडी, दारू घेणाऱ्यांनी तर टाळूच नये. मिशरी लावणाऱ्या आजीही यात आल्या.

आधी नाकात आणि घशात बधिर करणारा स्प्रे मारतो. चव कडू. थुंकी गिळता येत नाही असं वाटतं. गिळता येते, फक्त कळत नाही. मग तीन-चार मिलिमीटर जाडीची लवचिक नळी नाकातून खाली जाते. डॉक्टर "ईऽऽ" म्हणायला लावतात, तेव्हा स्वरतंतू जवळ येतात. काही मिनिटांचं काम. त्यानंतर तासभर काही खाऊ-पिऊ नका, बधिर घशातून घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. खाली उतरून लगेच कटिंग मारायला निघालेल्यांना आम्ही जिन्यातून परत आणलंय.

सुरुवातीचा डाग साध्या पांढऱ्या उजेडात सहज निसटतो. म्हणून आम्ही नॅरो बँडचं बटण दाबतो. त्यात फक्त निळा आणि हिरवा प्रकाश असतो, ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषतं आणि अस्तरातल्या बारीक, वेड्यावाकड्या वाहिन्या तपकिरी ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. ठिपके दिसले म्हणजे कॅन्सरच, असं नाही, सुजेनेही दिसतात. निकाल बायोप्सीचा, म्हणजे छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा.

डाग वरच्या अस्तरापुरताच असेल तर तो बऱ्याचदा पूर्ण भूल देऊन तोंडातूनच काढता येतो, मानेवर चीर न देता. अस्तराखाली द्रव टोचून ते फुगवतात आणि बारीक सुरीने डाग सोलून घेतात. स्वरतंतूवर असेल तर बहुधा लेझर. काढलेला भाग पुन्हा तपासतात. मुळं खोल निघाली तर पुढचे उपचार लागतात.

हे काढण्याचं काम आमच्याकडे होत नाही. त्यासाठी कॅन्सर शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय हवं. परळचं टाटा मेमोरियल इथून जवळच आहे. चित्रण आणि रिपोर्ट आम्ही देतो.

येताना जुने कागद आणि सोबत कुणीतरी आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर फोनवरच सांगा, स्वतःहून बंद करू नका.