चाळीस टक्क्यांखाली लेखनिक मिळत नाही?

परीक्षा अर्जांच्या दिवसांत कोल्हापुरातील महाविद्यालयांच्या खिडक्यांपाशी हमखास कानावर पडणारा समज असा की, ४० टक्के अपंगत्वाचा दाखला नसलेल्यास लेखनिक वा जादा वेळ मिळत नाही. हा समज चुकीचा आहे. ४० टक्क्यांची अट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील आरक्षणासारख्या लाभांना लागू होते. परीक्षेत लेखनिक व जादा वेळ देण्यास सांगणाऱ्या कलम १७ मध्ये टक्क्यांचा उल्लेखच नाही. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हाच फरक स्पष्ट केला. लिहिण्यातील अडचणीचा सरकारी वैद्यकीय दाखला मात्र हवा (इथे पावले साहजिकच सीपीआर या कोल्हापुरातील सरकारी रुग्णालयाकडे वळतात). केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जादा वेळ तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास.